ठाण्यात चालायचं, कन्याकुमारीला पोचायचं: व्हर्च्युअल प्रवासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी उपवनला आणि संध्याकाळी तलावपाळीला भेटणारी मंडळी, वाशी-नेरुळकडचे मित्र आणि त्यांच्या ओळखीतले लोक, सगळे मला फिरून फिरून तेच प्रश्न पाठवत असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत, फक्त सारखे होते ते एकत्र केले. आधी इथे बघा, नाही सापडलं तर मग विचारा.

१. हे नक्की काय प्रकरण आहे? खरंच कुठे जायचं असतं का?

नाही हो, कुठेच जायचं नसतं. आपण रोज जेवढं चालतो तेवढे किलोमीटर लिहून ठेवायचे आणि नकाशावरच्या एखाद्या खऱ्या रस्त्यावर आपण तेवढे पुढे सरकलो असं धरायचं. आज साडेचार चाललात, उद्या पाच, की शीटवर (म्हणजे मोबाईल-कॉम्प्युटरवरच्या हिशोबाच्या तक्त्यावर) तुम्ही ठाणे स्टेशनहून निघून कळवा, दिघा करत ऐरोलीच्या आसपास आलेले असता, आणि प्रत्यक्षात दोन्ही दिवस कचराळी तलावालाच फेऱ्या मारल्यात. फायदा म्हणाल तर एवढाच, की तोच ट्रॅक आणि तीच माणसं रोज बघून कंटाळा येतो, तेव्हा "आज पेण गाठायचंच" म्हणून माणूस दोन फेऱ्या जास्तीच्या मारतो. वजनाचा काटा महिनोन्महिने हलत नाही, पण इथे रोज काहीतरी हलतं.

२. अ‍ॅप विकत घ्यावं लागतं का? किती खर्च येतो?

शून्य. मोबाईलमध्ये स्टेप्स मोजणारं काहीतरी आधीच असतं (सॅमसंगमध्ये सॅमसंग हेल्थ, आयफोनमध्ये हेल्थ) आणि हिशोबाला गुगल शीट्स पुरतं. पैसे घेऊन तयार रूट, पोस्टकार्ड आणि शेवटी मेडल घरी पाठवणाऱ्या कंपन्या आहेत. मेडलची हौस असेल तर जरूर घ्या, पण त्यांचे रूट बरेचदा परदेशातले असतात आणि मला विचाराल तर अनोळखी गावापेक्षा "वडखळ नाका आला" यात जास्त मजा आहे, तिथला ट्रॅफिक आपण भोगलेला असतो.

३. रूट कुठला निवडू?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिलाच रूट असेल तर छोटा घ्या. ठाण्याच्या माणसाने ठाणे ते बोरीबंदर घ्यावा, म्हणजे १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी जिथून आली तिथपर्यंत उलटं जायचं. लोहमार्गाने ३४ किमी, रोज पाच चाललात तर आठवड्याभरात संपतं आणि शीट कशी भरायची हेही हाताखालून जातं.

त्यानंतर आमच्याकडे सगळ्यात जास्त लोकांनी घेतलेला रूट म्हणजे एनएच ६६, आपला मुंबई-गोवा हायवे, ज्याला जुनी माणसं अजून सतराच म्हणतात. ठाणे-बेलापूर रोडने खारघर, कळंबोली करत पनवेल, हे साधारण ३५ किमी, आणि पळस्पे फाट्यापासून पुढे थेट कन्याकुमारीपर्यंत साधारण १६०० किमी. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव, महाड, पोलादपूर, मग कशेडी, खेड, चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा, लांजा, राजापूर, कणकवली, कुडाळ, बांदा, आणि गोवा. पुढे कारवार, भटकळ, उडुपी, मंगळूर, मग जवळजवळ अख्खं केरळ. यातल्या निम्म्या गावात आपलं कोणीतरी असतंच, त्यामुळे "आज तुमच्या खेडला पोचलो" असा मेसेज टाकता येतो. रोजचे पाच किमी धरले तर साधारण अकरा महिने लागतात, तीन धरले तर दीड वर्ष. गणपतीत गावाला जाताना आपण ज्या पनवेल-इंदापूर पट्ट्याच्या नावाने बोटं मोडतो ना, तो ८४ किमीचा आहे, म्हणजे पाचच्या हिशोबाने सतरा दिवस. पायी जाताना निदान खड्ड्यात गाडी आपटत नाही!

ज्यांना इतिहास आवडतो त्यांच्यासाठी दांडी. साबरमती आश्रम ते दांडी, साधारण ३८५ किमी. गांधीजी १२ मार्च १९३० ला निघाले आणि ५ एप्रिलला पोचले, वयाच्या साठीत. आपल्याला पाचच्या हिशोबाने अडीच महिने लागतात. आमच्यातल्या रिटायर्ड मंडळींना हा रूट सगळ्यात जास्त आवडलाय, कारण रोज ते तेव्हा कुठे मुक्कामाला होते हे वाचत वाचत जाता येतं.

आणि एनएच ६६ घेणाऱ्यांनी पेणला पोचल्यावर एक लक्षात ठेवा, विनोबांचं जन्मगाव गागोदे पेण तालुक्यातच आहे. १९५१ पासून भूदानासाठी हा माणूस वर्षानुवर्षं देशभर पायी फिरला, तिथे आपल्या शीटला जरा लाज वाटते.

वारी आणि नर्मदा परिक्रमेबद्दल वेगळं लिहिलंय, प्रश्न १८ बघा.

४. माझा फोन फक्त स्टेप्स दाखवतो, किलोमीटर कसे काढू?

आपल्या एका पावलाची लांबी काढा. सोपा हिशोब म्हणजे उंची सेंटीमीटरमध्ये गुणिले ०.४१. उंची १६० असेल तर पाऊल साधारण ६६ सेंमी, म्हणजे एक किमीला साधारण १५०० स्टेप्स. हा अंदाज झाला. पक्कं हवं असेल तर जिथलं अंतर माहीत आहे अशा जागी, समजा ४०० मीटरच्या ट्रॅकवर आतल्या लेनमधून, नेहमीच्या वेगाने एक फेरी मारा, स्टेप्स मोजा आणि ४०० ला त्या आकड्याने भागा. नेहमीच्या वेगाने म्हणजे खरंच नेहमीच्या, मोजताना सगळेच लांब टांगा टाकतात आणि मग रोजचे किलोमीटर फुगतात. आलेला आकडा अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये टाकता येत असेल तर टाका, नाहीतर शीटमध्येच गुणाकार करून घ्या.

५. दहा हजार स्टेप्स रोज झाल्याच पाहिजेत का?

नाही. हा आकडा लोकांच्या डोक्यात बसला तो १९६५ साली जपानमध्ये बाजारात आलेल्या एका पेडोमीटरच्या जाहिरातीमुळे. गोल आकडा आहे, लक्षात राहतो, बस. प्रवासाला रोजचा ठरलेला आकडा लागतच नाही. तीन किमी चालणारे काकासुद्धा गोव्याला पोचतात, उशिरा पोचतात एवढंच. गुडघ्याचा त्रास, शुगर, हार्टचं काही असेल तर किती चालायचं हे डॉक्टरांना विचारून ठरवा, आणि शुगरवाल्यांनी पायात नीट बसणारे बूट घातल्याशिवाय लांबचं चालू नये, पायाला झालेली जखम लवकर कळतही नाही आणि लवकर भरतही नाही.

६. फक्त वॉकचे किमी धरायचे की दिवसभराचं सगळं चालणं?

दोन्ही चालतं, पण सुरुवातीलाच एक ठरवा आणि रूट संपेपर्यंत बदलू नका. मी स्वतः फक्त वॉकच धरतो, म्हणजे बूट घालून मुद्दाम चालायला म्हणून बाहेर पडलो तेवढंच. पण ज्यांना ठाणे स्टेशनवर जिने आणि पूल चढत उतरत रोज लोकल पकडायची असते त्यांनी ते का सोडावं? त्यांनी दिवसभराचं धरावं.

एकच खबरदारी घ्या, दोन्हीची बेरीज करू नका. सकाळचा वॉक जीपीएसने ५ किमी आला आणि रात्री स्टेप्सवरून दिवसाचे ८ किमी आले, तर ते ५ त्या ८ च्या आतच आहेत. तेरा नाही, आठच.

७. मोबाईल ६.१ म्हणतो, घड्याळ ७.३ म्हणतं. खरं कोण?

दोघंही पूर्ण खरं बोलत नाहीत. फोन अंगावर असतो तेवढाच वेळ मोजतो, किचनच्या ओट्यावर चार्जिंगला ठेवला की त्या वेळातलं चालणं गेलं. घड्याळ हाताच्या हालचालीवर मोजतं, म्हणून दोन्ही हातात भाजीच्या पिशव्या असतील किंवा सुपरमार्केटची ट्रॉली ढकलत असाल तर कमी मोजतं, आणि पोळ्या लाटताना किंवा आरतीला टाळ्या वाजवताना कधीकधी बसल्याजागी स्टेप्स देतं. बाबागाडी ढकलत चालणाऱ्या आईबाबांची तर घड्याळ सर्रास फसवणूक करतं, त्यांनी फोन खिशात ठेवावा.

कुठलंही एक निवडा आणि त्यालाच धरून राहा. सगळ्या पानावर हीच एक गोष्ट मी परत परत सांगणार आहे. आकडा पाच-दहा टक्के इकडे तिकडे असला तरी चालतो, कारण तो रोज सारखाच चुकतो. पण ज्या दिवशी जे जास्त दाखवेल ते लिहायचं असं सुरू केलं की मग तुमचा प्रवास राहत नाही, लिलाव होतो.

८. घोडबंदर रोडला चालताना जीपीएसची लाईन बिल्डिंगमधून आरपार जाते. काय करू?

उंच टॉवरच्या मधे हे होणारच. सॅटेलाईटचा सिग्नल भिंतींवर आपटून फोनकडे येतो, फोनला वाटतं तुम्ही रस्त्याच्या पलीकडे आहात, मग परत अलीकडे, आणि ती वेडीवाकडी रेघ मोजून अंतर बरेचदा वाढतं. येऊरच्या दाट झाडीतही थोडं असंच होतं. पाम बीच रोडसारख्या मोकळ्या जागी जीपीएस एकदम सरळ चालतो. तुम्ही टॉवरच्या भागातच रोज चालत असाल तर जीपीएस सोडा आणि प्रश्न ४ प्रमाणे स्टेप्सवर जा. आणखी एक, अ‍ॅप सुरू केल्या केल्या निघू नका, मोकळ्यावर अर्धा मिनिट थांबा, फोनला जागा नीट सापडू दे.

९. शीट कशी बनवायची? मला एक्सेलचं काही येत नाही.

दोन टॅब लागतात. पहिल्या टॅबला नाव द्या "रूट". पहिल्या कॉलममध्ये सुरुवातीपासूनचं एकूण अंतर, दुसऱ्यात ठिकाण. ठाणे ०, पनवेल ३५, पुढची गावं गुगल मॅप्सवर मोजून टाका. मॅप्समध्ये गावापासून गावापर्यंत रस्त्याचं अंतर काढा. नकाशावर बोट दाबून धरलं की "मेजर डिस्टन्स" येतं ते सरळ रेषेत मोजतं, ते नको.

दुसऱ्या टॅबला "रोज" नाव द्या, तारीख आणि किमी, बस. वर एका चौकोनात किमीच्या कॉलमची बेरीज, आणि त्याच्या शेजारी व्हीलूकअप (तक्त्यातून आकडा शोधून देणारं सूत्र) लावून ती बेरीज रूटच्या टॅबमध्ये शोधायला सांगा. व्हीलूकअपमध्ये शेवटी ट्रू ठेवायचं, फॉल्स नाही, कारण आपल्याला तंतोतंत आकडा नकोय, बेरजेच्या अलीकडचं शेवटचं गाव हवंय. त्यासाठी रूटचा कॉलम लहान आकड्यापासून मोठ्याकडे लावलेला पाहिजे, मधे एक जरी ओळ वरखाली झाली की शीट तुम्हाला महाडवरून परत पेणला आणून ठेवते.

दोन चुका सगळे करतात. एक म्हणजे चौकोनात "५.२ किमी" असं अक्षरं घालून लिहिणं, मग शीट त्याला आकडा न समजता मजकूर समजते आणि बेरजेत धरतच नाही. नुसता आकडा लिहा. दुसरी तारखेची, शीटचं लोकेल (कुठल्या देशाच्या पद्धतीने तारीख वाचायची ते) अमेरिकेचं असेल तर ३ जुलै म्हणून ३/७ लिहायला गेलात की ७ मार्च होतं. फाईल, मग सेटिंग्ज, तिथे लोकेल इंडिया करून टाका.

१०. आईला करायचंय पण ती स्मार्टफोनवर फक्त व्हॉट्सअ‍ॅप बघते.

भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात रोजचा आकडा लिहायला सांगा. दुधाचा हिशोब जिथे लिहितात तिथेच. फेऱ्या मोजणं सगळ्यात सोपं, सोसायटीच्या बागेची एक फेरी किती मीटर हे तुम्ही एकदा काढून द्या (प्रश्न १२), आई फक्त "८ फेऱ्या" लिहील आणि रविवारी तुम्ही शीट भरा. महाराष्ट्राचा नकाशा फ्रीजवर लावून स्केचपेनने रेघ पुढे नेली तर शीटसुद्धा नको. मला तर ही पद्धत फोनपेक्षा जास्त आवडते.

११. जून ते सप्टेंबर बाहेर चालणं होत नाही. पोडियम, मॉल, ट्रेडमिल चालेल का?

चालेल, सगळं चालेल. ठाण्यात पाऊस लागला की चार-चार दिवस उघडत नाही आणि तेवढ्यासाठी कणकवलीत अडकून पडायचं काही कारण नाही. पोडियमवर किंवा पार्किंगमध्ये छताखाली जीपीएस बिनकामाचा, तिथे फेऱ्या किंवा स्टेप्स. ट्रेडमिलवर मशीनचा आकडा घ्या, पण दांडा धरून चालत असाल तर घड्याळ कमी दाखवेल, घाबरू नका, कारण प्रश्न ७ मध्येच सांगितलंय. पावसाळ्यात तलावाकाठच्या फरशा शेवाळलेल्या असतात, एवढं सांभाळा.

१२. फेरीचं अंतर कसं मोजू? आणि ट्रॅकवर बाहेरच्या लेनमधून चाललो तर?

सोसायटीची फेरी मोजायला कॉम्प्युटरवर गुगल अर्थ उघडा, आपली बिल्डिंग शोधा आणि रूलर घेऊन चालायच्या वाटेवर ठिपके देत गोल पूर्ण करा. छोट्या फेरीला फोनच्या जीपीएसपेक्षा हे कितीतरी बरं. छताखालची फेरी असेल तर पाच फेऱ्यांच्या स्टेप्स मोजून पावलाच्या लांबीने गुणा आणि पाचने भागा.

ट्रॅकचं म्हणाल तर ४०० मीटर फक्त अगदी आतल्या लेनला. आठव्या लेनमधून एक फेरी साधारण ४५३ मीटर होते. आत पळणारी मुलं असतात, त्यामुळे चालणाऱ्यांनी बाहेरूनच चालावं, ती रीत आहे, मग तुमच्या दहा फेऱ्या चारच्या नाही तर साडेचार किमीच्या झाल्या. हे हक्काचे किमी आहेत, सोडू नका.

१३. रिक्षातून आलो तरी आठशे स्टेप्स वाढल्या! त्या कमी करायच्या का?

रस्ते बघता वाढणारच. फोनमधला सेन्सर हादरे मोजतो, त्याला खड्डा आणि पाऊल यातला फरक दर वेळी कळत नाही. फक्त वॉक धरणाऱ्यांना हा प्रश्नच येत नाही. दिवसभराचं धरणाऱ्यांनी रोज एवढं तेवढं होत असेल तर सोडून द्यावं, पण एखाद्या दिवशी एसटीने सातारला जाऊन आलात आणि आकडा नेहमीच्या दुप्पट दिसला तर त्या दिवशी अंदाजाने नेहमीचा आकडा लिहा.

लोकलमध्ये सीवूड्स यायच्या आधी दाराकडे सरकत जाता ते धरायचं का असंही एकाने विचारलंय. दादा, धरा. ते कष्टाचे आहेत.

१४. नवरात्रात गरबा आणि विसर्जनाची मिरवणूक, हे किलोमीटर होतात का?

यावर आमच्यात दर वर्षी भांडण होतं. माझा नियम असा की मिरवणुकीत मंडपापासून घाटापर्यंत जेवढा रस्ता चाललात तेवढा धरा, मधे ढोल-ताशासमोर नाचलात ते नाही. गरबा अजिबात नाही, गरब्याच्या एका रात्रीत पंधरा-वीस हजार स्टेप्स दिसतात आणि नऊ दिवसात माणूस रत्नागिरी ओलांडून जातो, ज्याने नऊ दिवस प्रामाणिकपणे फेऱ्या मारल्या त्याने काय करायचं? "मग ट्रेडमिलवर तरी कुठे पुढे जातो" असं कोणी म्हणालं तर त्याला म्हणा, पट्टा मागे जातो म्हणजे तू पुढे जातोस. ज्यांना पटत नाही त्यांनी आपला नियम करावा, पण घटस्थापनेच्या आधी करावा, दसऱ्याला नाही.

१५. येऊरचा किंवा पारसिक हिलचा चढ चढलो तर जास्त किमी धरायचे का?

नाही. दम जास्त लागतो, अंतर तेवढंच. हवं तर शीटमध्ये शेरा लिहायला एक कॉलम ठेवा आणि तिथे लिहा. येऊरला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे आणि तिथे बिबटे आहेत, अंधारात, एकट्याने, कानात इअरफोन घालून जायचं काम नाही.

१६. मला एक्सप्रेसवेने पुण्याला जायचंय / अटल सेतूवरून चालायचंय. चालेल?

शीटवर पोलीस अडवायला येत नाहीत, पण खरं चालणाऱ्याला तिथे परवानगी नाही. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर पायी जाता येत नाही, टू-व्हीलरसुद्धा नाही, तेव्हा खरा रूट हवा असेल तर जुन्या हायवेने खोपोलीवरून बोरघाट चढा. अटल सेतू २१.८ किमीचा, जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, तिथेही पायी बंदी. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी तो मुद्दाम घेतलाय, जे खरं करता येत नाही ते निदान शीटवर. मला काही हरकत दिसत नाही.

बोटीचं वेगळं. भाऊच्या धक्क्यावरून मांडवा असा रूट असेल तर पाण्यावरचं अंतर शून्य धरा आणि मांडवा जेट्टीपासून परत मोजायला लागा.

१७. भूगोलाच्या पुस्तकात भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३२१४ किमी आहे, मग एनएच ४४ त्याच्यापेक्षा जास्त कसा?

पुस्तकातला आकडा नकाशावर सरळ पट्टी ठेवून, अगदी वरच्या टोकापासून खाली. एनएच ४४ श्रीनगरहून निघून जम्मू, दिल्ली, आग्रा, नागपूर, हैदराबाद, बंगळूर, मदुराई करत कन्याकुमारीला येतो, साधारण ३७०० किमीच्या वर. श्रीनगर वरच्या टोकाच्या बरंच खाली आहे तरी रस्ता लांब, कारण रस्ता डोंगर, नदी आणि शहरं बघून वळतो. पाचच्या हिशोबाने दोन वर्षांचं काम आहे, पहिल्याच रूटला घेऊ नका, नागपूर यायच्या आधी सुटतं.

१८. वारी किंवा नर्मदा परिक्रमा अशी घरबसल्या केली तर चालते का?

वारीचा रूट खूप लोक घेतात आणि तो फार छान आहे. आळंदी ते पंढरपूर साधारण २५० किमी. पाचच्या हिशोबाने पन्नास दिवस, म्हणजे वैशाख संपता संपता सुरुवात केली की आषाढी एकादशीच्या आसपास पोचता. माउलींच्या पालखीचेच मुक्काम शीटमध्ये टाका: पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. मधे नीरेचं स्नान, आणि लोणंद सोडल्यावर चांदोबाचा लिंब, जिथे पहिलं उभं रिंगण होतं, त्याचीही एक ओळ ठेवा. पुणे ते सासवड हा टप्पा तीस किमीच्या आसपास आहे, दिवे घाटासकट. वारकरी तो एका दिवसात चालतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या आजीसुद्धा. आपल्याला त्याला सहा-सात दिवस लागतात. त्या आठवड्यात शीट भरताना आमच्या ग्रुपवर कोणी फार बढाया मारत नाही.

परिक्रमेचं मात्र मी वेगळं सांगतो. नर्मदा १३१२ किमी, दोन्ही काठ मिळून २६०० च्या वर, आकडा म्हणून रूट छान आहे. पण परिक्रमेत नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, ती ओलांडायची नाही, चातुर्मासात एका जागी थांबायचं, मिळेल ते खायचं, असे नियम असतात आणि ते पाळून आलेली माणसं आपल्यात आहेत. तेव्हा शीटला "नर्मदाकाठ" म्हणा, "परिक्रमा केली" असं स्टेटस टाकू नका.

१९. मी खरोखरच गोव्याला फिरायला आलोय आणि शीटवर अजून माणगावात आहे. इथलं चालणं कुठे लिहू?

माणगावच्या पुढे. तुम्ही कळंगुटला चाला नाहीतर काशीला, पाय तुमचेच आहेत. गाडीने आलेलं अंतर मात्र एक इंचही धरायचं नाही. आणि येताना माणगावला थांबून वडापाव खाल्लात म्हणून शीट पुढे सरकत नाही, असंही एकीला सांगावं लागलं होतं.

२०. आजारी पडलो, तीन आठवडे काही लिहिलं नाही. परत शून्यापासून?

छे! जिथे होतात तिथूनच पुढे. या प्रकारात खंड पडला म्हणून काही तुटत नाही, मुक्काम वाढला समजा. फक्त भरपाई म्हणून पहिल्याच दिवशी बारा किमी मारायला जाऊ नका.

लिहायचं राहिलं पण चाललो होतो, असं असेल तर हेल्थच्या अ‍ॅपमध्ये मागच्या तारखांचे आकडे असतात, तिथून भरा.

२१. आम्ही नवरा-बायको आणि दोन मुलं मिळून एकच प्रवास करू शकतो का?

करा की. बेरीज करायची की सरासरी हे आधी ठरवा. बेरीज केली तर चौघांचे मिळून रोज वीस किमी होतात आणि कन्याकुमारी तीन महिन्यांच्या आत येते, मुलांचा उत्साह टिकायला हे बरं. सरासरीत वेळ लागतो पण एकाने दांडी मारली की सगळ्यांना कळतं, मग घरात काय होतं ते मी सांगायला नको. ऑफिसच्या टीमने बेरीज करू नये, दोघं चालतात आणि बाकीचे दहा पोचतात.

२२. सायकल, पोहणं, योगा यांचे किमी करून टाकू का?

सायकलची वेगळी शीट काढा, त्याच शीटमध्ये पंधरा किमीचे पाच करून टाकण्यात मजा नाही. पोहणं आणि योगा उत्तम आहे, पण रस्ता चालून संपवायचाय. पळणं मात्र चालण्यातच धरा.

२३. ग्रुपमध्ये एक जण रोज अठरा किमी लिहितो. त्याला काय बोलायचं?

काही नाही. खरा असेल तर आपण मत्सरी ठरतो, खोटा असेल तर तो कन्याकुमारीला लवकर पोचेल आणि मग आपल्याला त्रास नाही. बक्षीस ठेवलं असेल तर मात्र स्क्रीनशॉट मागा. म्हणूनच माझं म्हणणं, बक्षीस ठेवूच नका.

२४. फोन बदलला आणि जुने आकडे गेले.

शीट रोज भरत असाल तर काहीच गेलं नाही, अ‍ॅप फक्त मोजायला, हिशोब शीटमध्ये. नवीन फोन जरा वेगळं मोजेल, तर प्रश्न ४ ची फेरी परत मारून पावलाची लांबी नव्याने टाका आणि शेऱ्यात तारीख लिहून ठेवा. मागचे आकडे नव्याने करत बसू नका.

२५. पोचायला ३ किमी शिल्लक होते आणि आज ६ चाललो. उरलेल्या ३ चं काय? आणि पुढे कुठे?

उरलेले तीन पुढच्या रूटच्या पहिल्या दिवशी टाका, जुन्या शीटमध्ये तीनच लिहा, म्हणजे दोन्हीकडे मोजले जात नाहीत. कन्याकुमारीला पोचलेल्यांना एनएच ४४ तिथूनच मिळतो, तोंड उत्तरेला करायचं आणि श्रीनगरच्या दिशेने लागायचं. परत एनएच ६६ नेच उलटं घरी येणारेही आहेत, त्यांनी रूटच्या टॅबमध्ये गावं उलट्या क्रमाने लावून अंतरं नव्याने शून्यापासून टाकायची, नुसती यादी उलटी केली तर व्हीलूकअप बिघडतं, प्रश्न ९ बघा.